मागच्या विमानानं येतो

निवृत्त झाल्यापासून नगरात कुठल्याही बारशाला, डोहाळजेवणाला गेले की कोणीतरी मला हमखास बाजूला घेतं आणि हळूच विचारतं, "काय हो ताई, हे विमानवाले जागेपेक्षा जास्त तिकिटं विकतात म्हणे. खरं का?" खरं आहे. विकायचं काम माझं नव्हतं. पण ज्याला जागा उरली नाही त्याच्यापुढं उभं राहून हसायचं काम माझं होतं. आधी बरीच वर्षं पुण्याच्या विमानतळावर, आणि मग आपल्या जिल्ह्यात शिर्डीजवळ काकडीच्या माळावर विमानतळ झाल्यावर तिथं. कंपनीचं नाव लिहीत नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली तिथं अजून नोकरी करतात, उगाच त्यांच्या डोक्याला ताप नको.

आधी धंदा सांगते. आमचं हैदराबादचं विमान पंख्यांचं, लहान. बहात्तर माणसं बसायची. पण संगणक चौऱ्याहत्तर तिकिटं विकायचा, कधी शहात्तर. कारण काय, तर रोज दोन-चार माणसं तिकीट काढूनही येत नाहीत. कुणाची मीटिंग रद्द होते, कुणाला ताप भरतो, कुणी घाटात अडकतो. त्यांना आम्ही 'नो-शो' म्हणतो. त्यांच्या खुर्च्या रिकाम्या उडवण्यापेक्षा आधीच दुसऱ्यांना विकलेल्या बऱ्या, असं ते गणित. मोठ्या शहरांत ते बहुतेक वेळा जमून जातं. आमच्याकडं जमायचं नाही. देवदर्शनाला आलेला माणूस परतीची गाडी चुकवत नाही, ही साधी गोष्ट मुख्य कार्यालयातल्या हुशार लोकांच्या डोक्यात कधी शिरली नाही. आणि आपल्या जिल्ह्यातला माणूस पहिल्यांदा विमानात बसणार असला तर विचारूच नका. साडेबाराच्या विमानाला सकाळी आठलाच दारात उभा, आणि सोडायला आलेली दहा माणसं वेगळीच. मी एकदा हे सगळं वर लिहून कळवलं होतं. 'नोंद घेतली' एवढं उत्तर आलं.

एकदा तेलंगणातला एकवीस जणांचा जथा परत निघाला होता आणि विमानात त्यांच्यासाठी एकोणीसच जागा होत्या. म्होरक्या मोठ्या मिश्यांचा. तो तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाला, एकवीस आलो, एकवीस जाणार. मी माझं नेहमीचं हसू काढलं. त्यानं मागं वळून काहीतरी सांगितलं आणि एकवीसही जणांनी काउंटरपुढच्या फरशीवर मांडी घातली. पिशव्यांतून टाळ निघाले. भजन सुरू. रांगेतले इतर प्रवासीसुद्धा टाळ्या धरायला लागले. पंधरा मिनिटांत तिथल्या आमच्या साहेबांनी आमच्याच कंपनीच्या, फुकट तिकिटावर निघालेल्या दोन कर्मचाऱ्यांना मागं ठेवलं आणि एकवीसच्या एकवीस जण टाळ वाजवत विमानात चढले. इतका वेळ त्या दोन जागा कुठं होत्या, असं त्यांच्यापैकी कुणी विचारलं नाही हे माझं नशीब.

दुसऱ्या एका वकीलबाई. नगरच्या कोर्टात काम करणाऱ्या. जागा नाही म्हटल्यावर त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. पर्समधून चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तुम्ही मला नियम सांगू नका, मी सांगते. चुकलं तर थांबवा." मला एकदाही थांबवायची वेळ आली नाही.

तो नियम तुम्हीही ऐकून ठेवा. जागा कमी पडली तर कंपनीनं आधी विचारायचं, आपखुशीनं कोण थांबतो? जो थांबेल त्याला तिथल्या तिथं जे कबूल केलं तेवढंच मिळतं. कुणीच तयार नसेल आणि एखाद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध मागं ठेवलं, तर तासाभरात निघणारं दुसरं विमान द्यायचं. ते जमलं नाही तर दुसरी सोय तर करायचीच, वर भरपाई. माझ्या वेळी ती मूळ भाड्याच्या दुप्पट होती, फार उशीर झाला तर चौपट, आणि दोन्हीला कमाल मर्यादा. आकडे बदलत राहतात, पण आपखुशी आणि जबरदस्ती ही दोन खाती तीच. म्हणून आमच्याकडं कागदही दोन होते. एक आपखुशीचा, एक जागा नाकारल्याचा. आपखुशीच्या कागदांची गड्डी दर दोन महिन्यांनी संपायची. दुसरी गड्डी पहिल्या दिवशी खणात ठेवली, तिच्यावर धूळ बसली होती.

आता तुम्ही म्हणाल, लोक एवढे आपखुशीनं थांबतात? छे हो! तिथं तर आमचं कसब होतं. पुण्यात माझ्या वरिष्ठ बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं, आवाज चढवणाऱ्याला आधी बोर्डिंग पास देऊन मोकळं व्हायचं आणि मग रांगेवरून नजर फिरवायची. एकटा आहे का? वय झालंय का? इंग्रजी येत नाही ना? आपण नमस्कार केला तर उलट दोन हात जोडतो का? मग तो आपला. मला ही नजर इतकी बसली होती की दारातून माणूस आत आला की मी मनात टिक करून टाकायचे. मुली म्हणायच्या, "मॅडमचा नेम चुकत नाही." मला त्याचा अभिमान वाटायचा. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटायचा.

रंगनाथ आबांवरही मी अशीच टिक केली. कर्जत तालुक्यातल्या मिरजगावचे. सत्तरीकडे झुकलेले, काटक, परीटघडीचं धोतर, टोपी आणि छातीशी घट्ट धरलेली एक कापडी पिशवी. एप्रिल महिना होता. पुतण्या पहाटे जीपनं निघून त्यांना आठच्या आत सोडून गेला होता. पहिला बोर्डिंग पास त्यांचाच. पास देताना मी नमस्कार केला, त्यांनी पिशवी बगलेत धरून दोन हात जोडले. म्हणाले, "खिडकी द्या बरं का ताई. खालनं कांदा कसा दिसतो बघाया पायजे." मी खिडकी दिली.

त्या दिवशी चौऱ्याहत्तरांपैकी त्र्याहत्तर जण आले. सगळ्यात शेवटी, काउंटर बंद व्हायला पाच मिनिटं असताना, एक कंत्राटदार आला. दोन मोबाईल, दोन्हीवर बोलत. त्याचं तिकीट पक्कं होतं, नाही असं नाही. पण सगळ्यांत उशिरा आल्यामुळं मागं राहायचं तर त्यानंच, अशी आमची रीत. मी तसं सांगितलं. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. एक फोन आमच्या साहेबांच्या हातात दिला. साहेब तरुण, पुण्याचे, स्वभावानं वाईट नव्हते, पण फोनवर 'हो सर' शिवाय त्यांना दुसरं काही सुचायचं नाही. चार वेळा 'हो सर' म्हणून ते माझ्याकडं वळले. "मॅडम, यांना पाठवायचंय. एक आपखुशीवाला शोधा."

आम्ही इंग्रजीतून आणि हिंदीतून घोषणा केली. कोणी मान वर केली नाही. मग मी कागद घेऊन आत गेले, जिथं तपासणी झालेले प्रवासी बसतात. आबा काचेपाशी बसून विमान बघत होते. मी त्यांच्याशेजारी बसले. शेजारी बसायचं, उभं राहून बोलायचं नाही, हासुद्धा कसबाचाच भाग. म्हटलं, "आबा, एक अडचण आहे हो. एक बाई आहे, कडेवर तान्हं लेकरू आहे. तिला विमानात जागा नाही. तुम्ही मागच्या विमानानं गेलात तर तिची सोय होईल."

रांगेत तान्हं बाळ घेतलेली एक बाई होती खरी. पण तिच्याकडं पास होता. तिची काहीच अडचण नव्हती.

आबा लगेच उठलेच. "आवं, मंग बसू द्या की तिला! लेकरू हाय. आमी काय, मागच्या गाडीनं येतो."

आता हे समजून घ्या. मिरजगाव हमरस्त्यावर आहे. एक एसटी गेली की मागून दुसरी येते. बाईमाणूस लेकरू घेऊन चढलं की जागा सोडून उठायचं, फाट्यावर उतरून उभं राहायचं आणि मागची गाडी धरायची, हे त्या माणसानं आयुष्यभर केलेलं. त्यांच्या हिशोबी विमान म्हणजे उडणारी एसटी. "मागची कवा हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मी लावून देते ना, तुम्ही काळजी करू नका." मागचं विमान दुसऱ्या दिवशी साडेबाराला होतं. मी ते सांगितलं नाही. कागद इंग्रजीत होता. त्यांनी जपून, एकेक अक्षर काढत मराठीत सही केली.

विमानात माणसं चढायला लागली तशी आबा काचेला नाक लावून उभे राहिले. ती बाई बाळ घेऊन शिडी चढली. आबांनी इकडून हात हलवला. "बसलं बघा लेकरू," मला म्हणाले. तिच्या मागून कंत्राटदार चढला, कानाला फोन लावून.

विमान गेलं. मी आबांना बाहेर आणून खुर्चीवर बसवलं, चहा दिला. अर्ध्या तासानं ते काउंटरपाशी आले. "ताई, मागची गाडी किती वाजता म्हनलात?"

"आबा, उद्या. उद्या साडेबाराला."

"उद्या?" ते माझ्याकडं बघतच राहिले. "उद्या कसं जमंल? आज सांच्याला लगीन हाय की भाचीचं. साडेसहाचा मुहूर्त हाय. म्या मामा हाय तिचा."

त्यांनी पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली पिवळीधमक साडी होती. नवरीला मामानं आणायची असते ती. घरची सगळी माणसं चार दिवस आधी रेल्वेनं गेली होती. आबा तेवढे काढणीला आलेल्या कांद्यासाठी मागं थांबले होते, म्हणून हैदराबादहून मेहुण्यानं विमानाचं तिकीट पाठवलं होतं.

मलाही एकच मामा. माझ्या लग्नात अंतरपाटाच्या अलीकडं मी उभी होते तेव्हा पाठीशी तोच होता. आबांनी बहिणीला फोन लावला आणि 'तुमीच सांगा' म्हणून माझ्या हातात दिला. मी सांगितलं. पलीकडून बहीण एवढंच म्हणाली, "बाई, एकच भाऊ हाय मला. तो न्हाई आला तर माझ्या पोरीच्या पाठीशी कोन उभं ऱ्हाईल?"

मी साहेबांकडं गेले. म्हटलं, गाडी द्या, संभाजीनगरला पाठवते, तिथून दुपारी दुसऱ्या कंपनीचं विमान आहे, तिकीट आपण काढायचं. साहेब म्हणाले, "मॅडम, त्यांनी आपखुशीनं लिहून दिलंय. कागदावर उद्याचं विमान आहे. माझ्या हातात काही नाही." कागद माझ्या हातात होता. मी तो त्यांच्यासमोर फाडला. खणातून धूळ बसलेली गड्डी काढली आणि जागा नाकारल्याचा कागद भरायला घेतला. कारण काय लिहू, असा प्रश्न पडला तेव्हा खरं तेच लिहिलं: प्रवाशास खोटी माहिती देऊन सही घेतली. खाली माझं नाव. साहेबांचा चेहरा उतरला. "मॅडम, हे तुमच्या अंगाशी येईल."

"येऊ द्या," मी म्हटलं. "आधी गाडी बोलवा."

साहेबांनी गाडी बोलावली. मी म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता. आबा गाडीत बसताना मी म्हटलं, "आबा, आपल्याकडची लग्नं कुठं वेळेवर लागतात? तुम्ही पोचाल." ते म्हणाले, "व्हय व्हय, नवरदेव नाचल्याबिगर यायचा न्हाई." हसले सुद्धा. दुपारभर मी घड्याळ बघत काम केलं. गाडी वेळेत पोचली. तिथलं विमान मात्र पाऊण तास उशिरा सुटलं. त्यापुढं मला काही कळायला मार्ग नव्हता. फोन करायची माझी हिंमत झाली नाही.

मला खुलासा मागणारं पत्र आलं, पगारवाढ अडली, ते सगळं यथासांग झालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पाचव्या दिवशी हैदराबादचं विमान आलं आणि आबा एकटेच, उरलेल्या कांद्यासाठी, परत आले. बाहेर न जाता सरळ माझ्या काउंटरवर. "ताई, वळखलं का?" पिशवीतून त्यांनी लाडवांचा पुडा काढून पुढं ठेवला. शिव्या खायची माझी तयारी होती, लाडवांची नव्हती.

"लग्न?" मी विचारलं.

"लागलं की. टायमावर लागलं. मुलाकडची मानसं लई घड्याळवाली. अन् लग्नाच्या हालात मागनं दुसरं लगीन हुतं. म्या पोचलो तवा आठ वाजून गेल्ते. जेवनं चालली हुती."

"आणि तिच्या पाठीशी?"

"तिच्या बापाचा दोस्त उभा ऱ्हायला. चांगला मानूस हाय." त्यांनी लाडवांचा पुडा माझ्याकडं जरा सरकवला. "पोरगी ताटावरनं उठून आली, गळ्यात पडली. लई रडली. मामा, तुमी का न्हाई आला, म्हनली. म्या म्हनलं, अगं, एका तान्ह्या लेकराला जागा दिली म्या. मंग गप झाली. म्हनली, मामा, ब्येस केलं." मग ते काउंटरवर जरा पुढं झुकले. "त्या लेकराचं काय कळलं का? पोचलं ना नीट?"

'हो' म्हणायला काय लागत होतं? एक अक्षर. पोचलं असणारच ते, खोटंही नव्हतं. माणूस समाधानानं कांद्याला गेला असता. पण त्या नवरीनं 'ब्येस केलं' म्हटलेलं ऐकल्यावर माझी जीभ उचलेना.

मी सांगितलं. सगळं. बाळाला जागा आधीच होती. तुमची जागा दोन मोबाईलवाल्या एका कंत्राटदाराला दिली. विमान दुसऱ्या दिवशी आहे हे मला माहीत होतं. तुम्ही भांडणार नाही असं तुमच्या तोंडावर दिसलं म्हणून मी तुम्हाला निवडलं.

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "मंजी म्या पोरीला खोटं सांगितलं व्हय?"

"तुम्ही नाही आबा. मी."

"सांगितलं तर म्याच की." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "ताई, तुमी सरळ म्हनाया पायजे हुतं, जागा न्हाई, उठा. म्या भांडलो असतो! मला काय भांडता येत न्हाई व्हय? कांद्याच्या लिलावात येऊन बघा एकदा, व्यापारी हात जोडत्यात. पर तुमी लेकराचं नाव घेतलं. आता लेकराशी कसं भांडायचं?"

आबा वळले आणि बाहेर गेले. दाराशी पुतण्या जीप घेऊन उभा होता.

त्यानंतर दोन वर्षं मी त्या काउंटरवर होते. जागा कमी पडली की मी उभी राहून मराठीत, मोठ्यानं सांगायचे: आम्ही जास्त तिकिटं विकली आहेत, जागा कमी आहेत, मागचं विमान उद्या आहे, तुम्ही नाही म्हणू शकता, आणि जबरदस्तीनं ठेवलं तर तुम्हाला अमुक अमुक मिळतं, नाही मिळालं तर लेखी तक्रार करा. लोक भांडायचे. पुरुष भांडायचे, म्हाताऱ्या भांडायच्या, सोनईच्या एका आजीनं तर काठी काउंटरवर आपटली. निवृत्तीच्या महिन्यात साहेबांनी मला बोलावलं. जिल्ह्यातल्या प्रवाशांच्या तक्रारअर्जांचा मोठा गठ्ठा पुढं टाकला.

"मॅडम," ते म्हणाले, "या सगळ्यांची भाषा एकसारखी कशी?"

"मीच सांगितली ना," मी म्हटलं.